छत्तीसपैकी छत्तीस

लग्न जमवताना पत्रिकेतले 36 पैकी 18 गुण जुळले की गुरुजी मान डोलावतात आणि वधुपिता कार्यालयाच्या तारखा बघायला पळतो. जन्मभर एका छपराखाली राहायचं, एकमेकांचं घोरणं ऐकायचं, सासरच्या माणसांना हसून चहा द्यायचा, एवढं सगळं निम्म्या गुणांवर भागतं. त्याच वधुपित्याला आपल्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये एक मदतनीस ठेवायचा झाला की तो 36 पैकी 36 मागतो आणि वर विचारतो, ‘‘स्वतःची टू व्हीलर आहे ना?’’

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात हिशेब बघतो. आम्ही व्हॉल्व्हचे सुटे भाग करतो. माणसं निवडण्याशी माझा खरं तर काडीचा संबंध नाही, पण मुलाखतीच्या टेबलामागे तिघं बसले की वजन पडतं, असं आमच्या मालकांचं मत आहे. एक मालक, दुसऱ्या एचआरच्या मॅडम आणि तिसरा मी. मला काम एकच. उमेदवाराने पगाराची अपेक्षा सांगितली की चेहरा पाडायचा. 30 हजार म्हणाला तरी पाडायचा, 12 म्हणाला तरी पाडायचा. अकाउंट्समध्ये हयात गेलेल्या माणसाला याचा वेगळा सराव लागत नाही.

सुरुवात होते जाहिरातीपासून. परवा क्वालिटीसाठी एक इन्स्पेक्टर हवा होता. मूळ मजकूर दोन ओळींचा होता : डिप्लोमा मेकॅनिकल, ड्रॉइंग वाचता यावं. मग तो कागद खात्याखात्यांतून फिरायला निघाला. प्रॉडक्शनवाल्यांनी लिहिलं, सीएनसीचं प्रोग्रॅमिंग यावं. परचेसने लिहिलं, व्हेंडरशी गोड बोलता यावं. एक्स्पोर्ट बघणाऱ्या साहेबांनी ‘इंग्रजी अस्खलित’ घातलं. त्यांचं स्वतःचं इंग्रजी मेल उघडल्यापासून ‘काइंडली’पर्यंत जातं आणि तिथे बसतं. कोणीतरी ‘निर्व्यसनी’ घातलं. हे बहुधा कॅन्टीनच्या मागे सिगरेट ओढताना सुचलं असावं. शेवटी कागद मालकांकडे आला. त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं : वय 25 च्या आत, अनुभव किमान 8 वर्षे.

मी हिशेबाचा माणूस. मला राहवेना. म्हटलं, ‘‘साहेब, दहावीनंतर डिप्लोमा 3 वर्षांचा. पोरगं बाहेर पडतं तेव्हा 19 चं असतं. पंचविशीपर्यंत फार तर 6 वर्षं होतात. वरची 2 कुठून आणायची?’’

मालक म्हणाले, ‘‘इच्छा असली की माणूस आणतो.’’

हा रोग भोसरीपुरता नाही. 2020 साली सेबास्तियान रामिरेझ नावाच्या प्रोग्रॅमरच्या नजरेस नोकरीची एक जाहिरात पडली. ‘फास्टएपीआय’ नावाचं सॉफ्टवेअरवाल्यांचं एक साधन आहे, त्यातला किमान 4 वर्षांचा अनुभव हवा होता. रामिरेझला अर्ज करता येईना, कारण त्याचा अनुभव जेमतेम दीड वर्षाचा. फास्टएपीआय त्यानेच तयार केलं होतं, दीड वर्षापूर्वी. जन्म देणारा बाप कमी पडला, पण जाहिरात हलली नाही. आमच्या मालकांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, ‘‘बरोबर आहे. दीड वर्षात माणूस काय शिकणार?’’

जाहिरात अशी असली की अर्जही तसेच येतात. आताच्या बायोडेटाला डाग नसतो. सगळे टीम प्लेअर असतात, सगळे ताणाखाली फुलतात, सगळ्यांचे छंद वाचन, प्रवास आणि संगीत. ‘सध्या काय वाचताय?’ असं विचारलं की संगीताकडे वळतात. मॅडमचा एक आवडता प्रश्न आहे : ‘‘तुमच्यातली एक उणीव सांगा.’’ याचं उत्तर आता क्लासमध्ये शिकवतात. उमेदवार क्षणभर खाली बघतो, मग सांगतो की मला काम अर्धवट सोडवतच नाही, त्यामुळे घरच्यांना वेळ देता येत नाही. ही उणीव ऐकून मालकांना गहिवरून येतं. ओळीने सहा जणांनी हीच उणीव सांगितली तेव्हा मला त्या सहाही घरांची काळजी वाटायला लागली.

सातवा मुलगा साताऱ्याकडचा होता. त्याला बहुधा क्लास परवडला नव्हता. तो म्हणाला, ‘‘सकाळी उठवत नाही हो मला. रात्री कितीही वेळ काम सांगा, पण पहाटेचं जमत नाही.’’ मॅडमनी त्याच्या नावावर तिथल्या तिथे रेघ मारली. आमच्याकडे दुसरी पाळी दुपारी साडेतीनला लागते ती रात्री बाराला सुटते, आणि तिला माणूस टिकत नाही म्हणून मालक वर्षभर कपाळ बडवत होते. देवाने दुसऱ्या पाळीसाठी घडवून पाठवलेला माणूस समोर बसला होता. तो चहाही न घेता गेला.

निर्दोष माणूस शोधायला बसलं की निर्दोष दिसण्यात तयार झालेला माणूस हाती लागतो, आणि तो फार महाग पडतो. आम्हाला एक असे पडले आहेत.

सगळे रकाने भरलेले गृहस्थ होते. अनुभव 11 वर्षांचा, सर्टिफिकेटं लॅमिनेट केलेली, शर्ट इस्त्रीचा, शब्दही इस्त्रीचे. मॅडमनी त्यांच्या आधीच्या साहेबांना फोन लावला. तिकडून आवाज आला, ‘‘हिरा आहे हो, हिरा!’’ खरं म्हणजे तिथेच सावध व्हायला हवं होतं. माणसाला सोडायचं नसतं तेव्हा जुने साहेब कुरकुरतात. म्हणतात, आहे बरा, पण तापट आहे, रजा फार घेतो. ज्याला घालवायचं असतं त्याचा हिरा होतो. पण आमच्या पॅनेलला स्तुती लगेच पटते आणि कुरकुर मात्र पडताळून बघावीशी वाटते.

हे गृहस्थ क्वालिटीचे प्रमुख झाले. दोन वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही. कशी होणार? क्वालिटीत तीन रंगांची लेबलं असतात. पास झालेल्या मालाला हिरवं, नापासाला लाल आणि ज्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही त्याला पिवळं. हिरवं लावलं आणि गिऱ्हाइकाकडून माल परत आला तर बोलणी बसतात. लाल लावलं आणि माल चांगला निघाला तर प्रॉडक्शनवाले अंगावर येतात. पिवळं लावल्याबद्दल आजवर जगात कोणालाही मेमो मिळालेला नाही. साहेबांनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं. त्यांच्याकडे जो लॉट जाई तो पिवळा होऊन बाहेर येई. होल्डची जागा भरली, मग पॅकिंगचा कोपरा भरला, मग माल सायकल स्टँडमध्ये गेला. कामगारांनी सायकली कुठे लावायच्या हा प्रश्न साहेबांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी तोही होल्डवर ठेवला.

माझ्या ताळेबंदात मात्र तो सगळा माल शिल्लक म्हणून डौलात उभा होता. बँकेच्या माणसाला मी तो आकडा दाखवे आणि मनातल्या मनात सायकल स्टँडकडे पाठ करे. वार्षिक आढाव्यात त्यांना ‘चुका : शून्य’ या रकान्यात पैकीच्या पैकी मार्क मिळाले. पुढे ते स्वतःच दुसरीकडे गेले. तिथून चौकशीचा फोन आला तेव्हा मालकांनी घसा साफ केला आणि सांगितलं, ‘‘हिरा आहे हो!’’

आता जरा दुसरीकडे वळू. ज्या नेमणुकांची पुढे इतिहासात नोंद झाली, त्यांतल्या काही जाहिरातीच्या पार विरुद्ध झालेल्या आहेत, हे फार थोड्या एचआरवाल्यांना माहीत असतं. 1912 साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी माणसं हवी होती. त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. जे चेहरे आले ते बघून पुढच्या जाहिरातीत ‘देखण्यांनीच यावे’ अशा अर्थाची भर घालायची पाळी त्यांच्यावर आली, असं सांगतात. तारामतीच्या कामाला तर बाई मिळेचना. नाटकातसुद्धा बायकांची कामं पुरुष करायचे तो काळ. कॅमेऱ्यासमोर कोण उभी राहणार? शेवटी मुंबईत ग्रँट रोडच्या एका खाणावळीत फाळक्यांना अण्णा साळुंके दिसले. पद : राणी. आवश्यक पात्रता : स्त्री. उमेदवार : स्वयंपाकी, पुरुष. आमच्या मॅडमच्या फॉर्मवर हा माणूस पहिल्याच रकान्यात बाद झाला असता. फाळक्यांनी रकाना बघितला नाही, माणूस बघितला. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला आणि साळुंके तारामती म्हणून पडद्यावर आले. 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. 4 वर्षांत चुलीपासून राम-सीतेपर्यंत बढती.

हे मी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. मालकांनी घास थांबवला. ‘‘राम आणि सीता दोन्ही? म्हणजे पगार एकच?’’

याच्या बरोबर उलटी गोष्ट आमच्या शेजारची, टेल्कोची. 1974 साली सुधा कुलकर्णी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकत होत्या. टेल्कोला इंजिनियर हवेत अशी सूचना तिथे लागली होती, आणि खाली बारीक अक्षरांत, महिलांनी अर्ज करू नये. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. मुलाखतीला पुण्याला बोलावणं आलं, नोकरीही मिळाली. पुढे त्या सुधा मूर्ती झाल्या. तिकडे बाई हवी होती तर आचारी घेतला, इकडे बाई नको होती तर बाईच आली. कुलकर्णीबाईंमध्ये खोट काढायला जागा नव्हती, ती गोष्ट वेगळी. खोट जाहिरातीत होती. आणि टेल्कोचं कौतुक एवढ्यासाठी, की त्यांनी माणसाला नापास करण्याऐवजी जाहिरातीला नापास केलं. आमच्याकडे पोस्टकार्ड आलं असतं तर इनवर्डला नोंद होऊन फाइलला लागलं असतं.

गेल्या वर्षी मॅडम एका हॉटेलात दिवसभराच्या सेमिनारला गेल्या आणि संध्याकाळी बदलून परत आल्या. आता निर्दोष माणूस नको, असं त्यांनी जाहीर केलं. ज्याच्यात वाढीला वाव आहे असा हवा. मला बरं वाटलं. पण माझ्यापेक्षा जास्त बरं मालकांना वाटलं, हे बघून मी जरा सावरून बसलो.

मालकांच्या आनंदाला दोन कारणं होती. पहिलं कारण त्यांचा भाचा. पोरगं तीन ठिकाणी नोकरी सोडून घरी बसलं होतं. ‘‘आपण चुका बघायच्या नाहीत, वाव बघायचा,’’ मालक म्हणाले, ‘‘आता सचिनचंच घ्या.’’ कोणीही सचिनचं घेतलं की मी पेन खाली ठेवतो, कारण पुढे काहीतरी गळ्यात पडणार असतं. मालकांचे आकडे मात्र चोख होते. 1989 च्या नोव्हेंबरात कराचीला पहिली कसोटी, वय 16, धावा 15. पहिल्या वन-डेत शून्य. दुसऱ्या वन-डेतही शून्य. वन-डेतलं पहिलं शतक यायला 79 सामने जावे लागले. ‘‘काढलं असतं तर?’’ मालकांनी टेबलावर मूठ आपटली. भाचा प्लॅनिंगला लागला.

भाच्याचे सामने सुरू झाले. पहिल्या महिन्यात नागपूरचा माल नाशिकला गेला, दुसऱ्यात नाशिकचा इथेच राहिला. प्रत्येक वेळी मालक म्हणायचे, अजून 79 व्हायचे आहेत. सचिनची निवड झाली त्याआधी त्याने वयाच्या पंधराव्या वर्षी रणजीच्या पदार्पणात नाबाद 100 केल्या होत्या, हे कोणी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही. निवड समितीला पुढचं दिसलं, पण ते हवेतून दिसलं नव्हतं. काहीतरी समोर होतं म्हणून दिसलं. कोरी पाटी बघून कोणी ‘केवढा वाव!’ म्हणायला लागला तर त्याचा भाचा कुठे आहे ते आधी शोधावं.

तरी सचिनच्या गोष्टीतला एक तुकडा भाच्याच्या कामी आला. सचिन चेन्नईच्या एमआरएफ अकादमीत वेगवान गोलंदाज व्हायला गेला होता आणि डेनिस लिलीने त्याला बॅटिंगकडे लक्ष दे म्हणून परत पाठवलं. आमच्याकडे लिलीचं काम एका ट्रक ड्रायव्हरने केलं. तो मालकांना म्हणाला, ‘‘शेठ, हे पोरगं कागदावर कशाला बसवलंय? याला गेटवर ठेवा.’’ भाच्याला म्हणे ड्रायव्हर, हमाल, टोलनाका, आरटीओ या सगळ्यांशी बोलायची उपजत हातोटी. आता तो डिस्पॅच बघतो आणि रात्री अकराला गाडी मिळवून देतो. वाव होता, पण दुसऱ्याच खात्यात.

आनंदाचं दुसरं कारण थेट माझ्या खात्याचं. अनुभवाला बाजारभाव असतो, वावाला नसतो. अनुभवी माणूस 40 हजार मागतो. त्याला नाही म्हणायला जीव वर-खाली होतो. वाव असलेल्या पोराला मात्र ताठ मानेने सांगता येतं, ‘‘पैशाकडे बघू नकोस, शिकायला किती मिळेल ते बघ.’’ त्यापुढे ‘आपण इथे सगळे एका घरासारखे आहोत’ हे वाक्य येतंच. घरासारखे म्हणजे जास्तीच्या तासांचे पैसे मिळणार नाहीत, एवढाच त्याचा हिशेबी अर्थ. पगार ठरवताना तो शिकाऊ असतो आणि काम सांगताना अनुभवी. एकच माणूस दोन खात्यांवर वेगवेगळ्या किमतीला दाखवणं ऑडिटमध्ये चालत नाही. एचआरमध्ये चालतं.

सेमिनारमध्ये आणखी एक गोष्ट सांगितली नसावी. वाढणाऱ्या माणसाच्या हातून माल बिघडतो. नवीन पोरगं लेथवर आलं की पहिले काही आठवडे त्याचा जॉब एक तर जाड राहतो, नाहीतर बारीक होतो. जाड राहिला तर पुन्हा लावून उतरवता येतो. बारीक झाला की गेला. काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. ही भंगाराची बादली महिनाअखेरीला माझ्याकडे आकडा होऊन येते. मी तिला वह्यांत ‘शिकाऊ’ असं वेगळं खातं काढून दिलं आहे. वाववाले मालक ते पान आलं की चष्मा काढून पुसायला लागतात. आणि पोराला शिकवायला जुन्या माणसाला मशीनवरून तासभर मोकळा सोडायचा विषय निघाला की चष्मा पुसूनच होत नाही.

या सगळ्यात माणूस ओळखायची खरी रीत जर कोणाला माहीत असेल तर ती आमच्या फोरमनला. ते इचलकरंजीकडचे आहेत, बोलतात कमी, सेमिनारला कधी गेले नाहीत. आयटीआय फिटर होऊन आलेली पोरं घ्यायची असली की ते एचआरच्या खोलीत येत नाहीत, पोरांनाच शॉपमध्ये बोलावतात. प्रत्येकाच्या हातात लोखंडी पट्टीचा चार बोटांचा एक तुकडा देतात, कानस देतात, व्हाइस दाखवतात आणि सांगतात, चारही बाजू काटकोनात घासून द्या. वेळ दोन तास. एवढं बोलून ते दूर मशीनपाशी जाऊन उभे राहतात. पाठ पोरांकडे असते, पण कान तिकडेच असतात. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नुसती घासते. ज्याला ते माहीत नाही तो दोन्हीकडे जोर लावतो आणि त्याचा आवाज वेगळा येतो. हात डोलला की मधला भाग वर राहतो आणि कडा उतरतात. ‘पोट आलं’ म्हणतात त्याला.

एकदा त्यांनी मॅडमबरोबर मलाही बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून. दोन पोरं उरली होती. पहिल्याने सव्वा तासात तुकडा आणून ठेवला. पॉलिश पेपर मारून असा चकाकवला होता की त्यात मला माझं टक्कल दिसलं. दुसऱ्याचा अजून व्हाइसमध्येच होता. मध्ये एकदा तो खडू मागायला आला होता. कानशीच्या दातांत लोखंडाचा चुरा अडकतो आणि कामावर ओरखडे पडतात, म्हणून खडू घासून घेतात. मॅडमनी लिहिलं, ‘साहित्य बरोबर आणले नाही’. दोन तास संपले तेव्हा त्याच्या तीन बाजू झाल्या होत्या आणि चौथी राहिली होती. तिच्यावर त्याने खडूनेच एक खूण केली होती.

फोरमननी पहिला तुकडा उचलला, त्याला गुण्या लावला आणि खिडकीकडे धरला. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची एक रेघ आली. मला सुद्धा दिसली, म्हणजे बघा. त्यांनी पोराला विचारलं, ‘‘गुण्या लावून बघितला होता का?’’ पोरगं म्हणालं, ‘‘हो सर, ओके आहे.’’ मग त्यांनी दुसरा तुकडा घेतला. त्यालाही गुण्या लावायला गेले तर ते पोरगं आधीच म्हणालं, ‘‘तिकडून लावू नका साहेब, तिथे उजेड येतोय अजून. खूण केलीय तिथे उंच आहे. अर्धा तास असता तर बसवलं असतं.’’

मॅडमच्या फॉर्मवर ‘काम पूर्ण : होय / नाही’ असा रकाना होता. त्यांनी फोरमनकडे बघितलं. फोरमन म्हणाले, ‘‘दुसरा घ्या.’’

‘‘पण त्याचं तर झालंच नाही!’’

‘‘नाही झालं. त्याला दिसतंय ना पण,’’ असं म्हणून ते चहाला निघून गेले. त्यांच्या लेखी मुलाखत संपली होती. मॅडमनी ‘त्याला दिसतं’ हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला विचारलं. मी त्यांना शेरा या रकान्याकडे बोट दाखवलं, जिथे आजवर फक्त ‘टू व्हीलर आहे’ एवढंच लिहिलं गेलं होतं.

ते पोरगं घेतलं. पहिल्या वर्षी त्याने बादली बऱ्यापैकी भरली. माझ्या ‘शिकाऊ’ खात्यात त्याचं योगदान मोठं आहे. पण जॉब बिघडला की तो लपवायचा नाही, बादलीत तळाशी सरकवायचा नाही, हातात धरून फोरमनकडे जायचा. चकाकीवाल्या पहिल्या पोराला पलीकडच्या कंपनीने घेतलं. तिथे तो सुपरवायझर झाला असं ऐकतो. यात नवल नाही. चकाकीलाही मागणी असतेच.

आता परवाची मुलाखत. तीच इन्स्पेक्टरची जागा, तीच 25 आणि 8 वाली जाहिरात. एक मुलगी आली होती. डिप्लोमा होऊन दोन वर्षं झालेली, चिंचवडहून पीएमपीने आलेली, म्हणजे दोन रकाने दारातच गेले. मालकांना फोन आला म्हणून तिला अर्धा तास बाहेर बसवलं होतं. तेवढ्यात ती फोरमनला विचारून शॉपमधून चक्कर मारून आली. प्रश्नोत्तरं झाली. काही आलं, काही आलं नाही. जे आलं नाही तिथे ‘माहीत नाही, बघून सांगेन’ म्हणाली. शेवटी मालकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, ‘‘तुला काही विचारायचंय?’’ या प्रश्नावर उमेदवाराने लाजून ‘नाही सर’ म्हणायचं असतं.

तिने पर्समधून छोटी वही काढली.

‘‘सर, दोन मायक्रोमीटरवरची कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेलीय. त्यांनी मोजलेला माल बाहेर जातो का? आणि सायकल स्टँडमध्ये पिवळी लेबलं लावलेला माल आहे, त्यातल्या काही लेबलांवरची तारीख दीड वर्षापूर्वीची आहे. त्याचा निर्णय कोण घेतं?’’

मॅडम फॉर्म उलटसुलट करून बघायला लागल्या. मालकांचे कान लाल झाले. ते म्हणाले, ‘‘म्हणजे कंपनी आवडली नाही म्हण की!’’

‘‘नाही सर, आवडली. वाव भरपूर आहे.’’

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. त्यांनी घाईघाईने आपल्या हुकमी विषयावर उडी मारली : पगाराची अपेक्षा काय, आणि आमच्याकडे शिकायला किती मिळतं. तिने आकडा सांगितला. चांगला होता आकडा. मी सवयीने चेहरा पाडला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘काका, शिकायचं आहेच मला. पण तो सायकल स्टँड रिकामा करायचे पैसे वेगळे ना?’’

सायकल स्टँडमध्ये किती रुपये पडून आहेत हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. माझा चेहरा आपोआप वर आला. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं असावं, कारण मालक दचकले.

‘‘बरं, मग एक तारखेपासून ये,’’ ते म्हणाले.

‘‘शुक्रवारपर्यंत कळवते सर,’’ ती वही मिटत म्हणाली. ‘‘चाकणला अजून एक कंपनी बघायचीय.’’

ती गेल्यावर मालक थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी फोरमनला बोलावून आधी दोन्ही मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला पाठवायला सांगितले, भाच्याला फोन करून संध्याकाळी एक टेम्पो मागवला आणि मॅडमना विचारलं, ‘‘शुक्रवारी फोन नाही आला तर आपण केला तर चालतं का?’’